हिरड्यांची मोजणी : एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयातील पाच महिने

माझ्या तोंडात आज २६ दात आहेत. प्रत्येक दाताभोवती ६ ठिकाणी हिरडीची खोली मोजली, तर एकूण १५६ आकडे होतात. हे १५६ आकडे लिहिलेला कागद वयाच्या ५९व्या वर्षी प्रथमच माझ्या हाती आला, आणि त्याआधीची आठ वर्षे मी ज्याला दातांची देखभाल समजत होतो ती नुसती रंगसफेदी होती, हे त्या कागदावरून कळले. पुण्यातील एका खासगी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हिरड्यांच्या विभागात, जानेवारीपासून जूनपर्यंत मी उपचार घेतले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत आणि त्या एकाच संस्थेच्या माथी माराव्यात असे मला वाटत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शेताची हद्द न मोजता बोटाने दाखवणारा माणूस किती भांडणे लावून जातो, हे मी नोकरीभर पाहिले. तरीही स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत मी तेच चालवून घेतले, याची आता लाज वाटते. घराजवळच्या एका दवाखान्यात आठ वर्षांत तीनदा दात साफ करून घेतले. दरवेळी वीस मिनिटांत काम होई, दात चकचकीत दिसत, आणि टूथपेस्टची एक पुडी हातात पडे. हिरडीत मोजपट्टी घालून कोणी पाहिले नाही. दरम्यान दोन दाढा कोणत्याही दुखण्यावाचून हलू लागल्या आणि गेल्या. ‘वयोमानाने होते’ हे स्पष्टीकरण तेव्हा मला पुरले. शेवटच्या भेटीत तेथेच १४,००० रुपयांचा लेझर उपचार सुचवला गेला, तोही न मोजताच. तेव्हा मात्र मी उठलो.

दंत महाविद्यालयात मला पाठवले ते मधुमेहाच्या डॉक्टरांनी. दहा वर्षे गोळ्या चालू आहेत, चालणे आहे, भात कमी केला आहे, आणि तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) आकडा ८.२वरून हलत नव्हता. डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘ब्रश करताना रक्त येते का?’ मी म्हणालो, ‘येते, पण ते तर सगळ्यांनाच येते.’ त्यांनी चिठ्ठीच लिहून दिली.

पहिल्या दिवशी उपचार काहीच झाला नाही. त्या दिवशी मी नाराज होऊन परतलो. आज मात्र या सेवेचा सर्वांत मोठा गुण मी तोच मानतो. पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने आधी माझ्या सगळ्या औषधांची यादी लिहून घेतली. रक्तदाबाच्या एम्लोडिपिन आणि निफेडिपिन यांसारख्या गोळ्यांनी, तसेच फिट्सवरच्या फेनिटॉइनने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, म्हणून ही चौकशी असते. मग तिने एक बारीक, बोथट टोकाची सळई घेतली. या सळईवर १, २, ३, ५, ७, ८, ९ आणि १० मिलिमीटरच्या खुणा असतात. ४ आणि ६च्या खुणा मुद्दाम गाळलेल्या असतात, म्हणजे रेघांची गर्दी होऊन वाचताना चूक होत नाही. साखळी टाकून जमिनी मोजलेल्या माणसाला हे फार आवडले. ती दाताला लागून सळई हलकेच आत सरकवी आणि आकडा पुकारी, ‘तीन, दोन, पाच’. शेजारी उभा असलेला दुसरा विद्यार्थी तक्त्यावर लिही, आणि जेथे रक्त येई तेथे लाल ठिपका देई. पाऊण तास हे चालले. नंतर प्राध्यापिकाबाई आल्या आणि त्यांनी निवडक दहा-बारा जागा पुन्हा मोजल्या. आमच्याकडे वरिष्ठाने केलेल्या फेरमोजणीला ‘निमताना’ म्हणतात. हिरडीलाही निमताना मोजणी लाभते हे मला ठाऊक नव्हते.

हिशेब असा निघाला: १५६पैकी ६१ जागी खोली ४ मिलिमीटर किंवा अधिक, ९७ जागी रक्त, आणि सर्वांत खोल जागा उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेमागे, ८ मिलिमीटर. खाली निदान लिहिले होते: परिदंतदाह (म्हणजे दाताभोवतीचे हाड खाणारा हिरड्यांचा रोग), चारपैकी तिसरा टप्पा, क श्रेणी.

हे आकडे काय सांगतात ते मला तेथेच, एक्स-रे समोर धरून, समजावण्यात आले. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्येही एक चिंचोळी फट असते, पण ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंतच असते आणि तेवढी स्वच्छता ब्रशला साधते. दातावर जमणारा जिवाणूंचा चिकट थर निघाला नाही, तर हिरडी सुजते, लाल होते, तिच्यातून रक्त येते. हा हिरडीदाह, आणि इथवर सगळे पूर्ववत होऊ शकते. थर तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून त्याचे दगडासारखे कीटण होते, हिरडी दातापासून सुटते, आणि त्या फटीचे पॉकेट बनते, जेथे ब्रश पोहोचत नाही. तेथून पुढचे नुकसान केवळ जिवाणू करीत नाहीत. त्यांना हुसकावण्यासाठी शरीराने पेटवलेला दाहच दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड खात जातो. गेलेले हाड आपोआप परत येत नाही. आणि हे सारे बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच माझ्यासारखा माणूस दोन दाढा जाईपर्यंत निर्धास्त राहतो.

थर हेच मूळ कारण आहे हे सिद्ध करणारा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. हिरड्यांचे संशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांना हिरडीदाह झाला, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात तो गेला. परंतु मला अधिक विचार करायला लावले ते याच लो यांच्या दुसऱ्या कामाने. श्रीलंकेतील चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांच्या हिरड्या त्यांच्या गटाने १९७०पासून पंधरा वर्षे वेळोवेळी मोजल्या. या मजुरांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतोपचारही मिळत नव्हते, सर्वांच्या दातांवर कीटण होते. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांमध्ये रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने वाढला, आणि ११ टक्के मजुरांमध्ये तो हिरडीदाहाच्या पुढे गेलाच नाही. म्हणजे घाण तीच, पण प्रत्येक शरीराचा तिला मिळणारा प्रतिसाद वेगळा. ‘आमचे आजोबा राखुंडीने दात घासायचे आणि शेवटपर्यंत ऊस खायचे’ असे सांगणारा प्रत्येक जण, माझ्या मते, आपल्या आजोबांना त्या ११ टक्क्यांत बसवत असतो.

येथे माझ्या आईविषयी लिहायला हवे. ती सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची. तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलेले आम्हांला आठवत नाही, आणि पन्नाशीच्या आत तिचे बहुतेक दात गेले होते. या दोन गोष्टींचा मेळ मला कधी लागला नव्हता. विद्यार्थिनीने तो एका वाक्यात लावला: ‘काका, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तंबाखू वापरणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, रोग आत चालूच असतो, फक्त त्याची खूण झाकली जाते.’ आपल्याकडे मिश्रीने दात ‘घट्ट’ होतात असे मानणाऱ्या बायका अजून घरोघरी आहेत. रक्त न येण्यालाच त्या हिरडी घट्ट झाली असे समजतात, ही त्यातली दुर्दैवाची बाब.

प्रत्यक्ष उपचार चार बैठकींत झाला, दर बैठकीत तोंडाचा एक चतुर्थांश भाग. आधी सुन्न करण्याचे इंजेक्शन, मग कंपनांवर चालणाऱ्या यंत्राने वरचे कीटण काढणे, आणि त्यानंतर हाताने चालवायच्या वाकड्या, धारदार अवजारांनी हिरडीखालचे मूळ घासून गुळगुळीत करणे. या शेवटच्या कामालाच खरा वेळ लागतो. आत काही दिसत नाही. अवजाराच्या टोकाला लागणारी खरखर बोटांना जाणवते, तेवढ्यावरच काम चालते. एका बैठकीला दीड तास लागे. दोनदा असे झाले की विद्यार्थिनीने ‘झाले’ म्हटल्यावर प्राध्यापिकाबाईंनी तपासले, ‘इथे अजून खडबडीत आहे’ म्हणाल्या, आणि पंधरा मिनिटे पुन्हा काम झाले. शिकाऊ हातांची भीती अनेकांना वाटते, मलाही वाटली होती. पण शिकाऊ हाताचे काम दुसरा डोळा तपासतो, आणि खासगी दवाखान्यात एकट्याने काम करणाऱ्याचे सहसा कोणी तपासत नाही, हेही लक्षात घ्यावे. शिवाय ही मुले पाच वर्षांची दंतवैद्यकाची पदवी घेऊन, आणखी तीन वर्षे केवळ हिरड्यांचा अभ्यास करायला आलेली असतात.

जूनमध्ये फेरमोजणी झाली. ४ मिलिमीटर किंवा अधिक खोलीच्या जागा ६१वरून २२वर आल्या, रक्ताचे ठिपके ९७वरून २४वर, आणि सर्वांत खोल जागा ८वरून ६वर. तीन महिन्यांची साखर ८.२वरून ७.७ झाली, गोळ्या त्याच असताना. हा शेवटचा आकडा मी जपून लिहीत आहे. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग यांचे नाते दुहेरी आहे यात शंका नाही: साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि जखम भरत नाही, तर हिरडीतला दाह रक्तात जी रसायने सोडतो त्यांमुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो. याच लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. आजच्या वर्गीकरणात तर सरासरी साखर ७ किंवा त्याहून अधिक असली, की एवढ्यावरूनच रोगी ‘क’ श्रेणीत, म्हणजे वेगाने बिघडू शकणाऱ्यांत जातो. दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढणाराही तेथेच. अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ साली कोक्रेन संस्थेने काढलेला निष्कर्ष असा, की हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांनी ही साखर सरासरी ०.४३ने उतरते. माझी ०.५ उतरली. पण याच काळात मी संध्याकाळचा चहाही बिनसाखरेचा केला होता, तेव्हा सगळे श्रेय हिरड्यांना देणे खोटे ठरेल.

विभागाच्या भिंतीवर मात्र असा संयम नाही. तेथे एक मोठे भित्तिपत्रक आहे: ‘हिरड्या वाचवा, हृदयविकार टाळा.’ मला ते पटले नाही. हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार हे एकाच माणसात बरेचदा सापडतात हे खरे; पण धूम्रपान, मधुमेह आणि वय ही तिसरी कारणे दोन्हींच्या मागे उभी असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली उपलब्ध पुरावा तपासून हेच म्हटले, की संबंध दिसतो, परंतु एकामुळे दुसरे होते किंवा हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो हे सिद्ध झालेले नाही. त्याआधी, २००७ साली, १२० रुग्णांवरचा एक नेटका प्रयोग झाला होता. त्यात जोरदार उपचारानंतर पहिल्या चोवीस तासांत रक्तवाहिन्यांची लवचीकता उलट बिघडली, आणि सहा महिन्यांनी मात्र आधीपेक्षा सुधारली. यावरून हिरडीतला दाह तोंडापुरता राहत नाही एवढे नक्की कळते. झटका टळतो असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. गरोदरपणाबाबतही तसेच: गरोदर स्त्रियांवर हा उपचार सुरक्षितपणे करता येतो, पण त्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी होतात असे मोठ्या चाचणीत आढळले नाही. मी हे प्राध्यापिकाबाईंना बोलून दाखवले. त्या हसून म्हणाल्या, ‘दातासाठी कोणी येत नाही हो, हृदयासाठी येतात.’ त्यांची अडचण मला समजली. पण भित्तिपत्रक बदलावे हे माझे मत कायम आहे.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार ही, की उपचारानंतर तोंड कसे होईल याची पूर्वकल्पना मला कोणी दिली नाही. सूज उतरली की हिरडी आकसते. दात लांब दिसू लागतात आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये काळ्या त्रिकोणी फटी उघड्या पडतात. पहिल्या बैठकीनंतर आरशात पाहून मला वाटले की माझे दात घासून घासून विरळ केले. ‘दात साफ केल्याने दात सैल होतात’ ही समजूत समाजात कोठून आली हे त्या दिवशी मला कळले: कीटण आणि सूज यांनी बुजलेली फट मोकळी होते, आणि दोष उपचाराला जातो. तीन आठवडे गार पाणी दातांना सोसत नव्हते, हेही मला विचारल्यावरच सांगितले गेले, की मुळे उघडी पडल्याने असे होते आणि ओसरते. दुसरी तक्रार कागदाची. मोजणीचा तक्ता पूर्णपणे इंग्रजी आद्याक्षरांत असतो आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. आमच्या खात्याला लोक नावे ठेवतात, पण मोजणी झाली की अर्जदाराला नकाशाची ‘क प्रत’ द्यावीच लागते. मी चिकाटीने झेरॉक्स मिळवली. शेजारच्या खुर्चीवरचे रुग्ण आकडे न पाहताच घरी जात होते.

विद्यार्थ्यांच्या परीक्षांमुळे माझ्या दोन तारखा पुढे गेल्या. खुर्च्या ओळीने मांडलेल्या असल्याने आडोसा नाही, शेजाऱ्याचे निदान आपल्याला आणि आपले त्याला ऐकू येते. सकाळी नऊला केस पेपर काढला तरी साडेदहाच्या आत नंबर लागला असे एकदाच झाले. नोकरी करणाऱ्याला हे परवडणारे नाही. त्याने हिरड्यांच्या एखाद्या खासगी तज्ज्ञाकडे जावे, फक्त पहिल्या भेटीत मोजणी होते का आणि तीन महिन्यांनी पुन्हा होते का, एवढे विचारून घ्यावे. माझा खर्च सांगतो: केस पेपरचे ५०, पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचे ३००, आणि चार भागांचे प्रत्येकी ४०० धरून एकूण १,९५० रुपये.

घरच्या साधनांपैकी दोनच गोष्टींबद्दल लिहिण्यासारखे आहे. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दोन आठवड्यांसाठी दिल्या होत्या. औषध प्रभावी आहे, पण दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव जाते. ब्रश केल्याकेल्या ते वापरू नये, अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर टूथपेस्टमधील फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. माझे एक मित्र ते वर्षानुवर्षे वापरतात, ते मला चुकीचे वाटते. दुसरे साधन म्हणजे दातांच्या फटींत घालायचा बाटली धुण्याच्या ब्रशासारखा इवलासा ब्रश. माझ्यासारख्या रुंदावलेल्या फटींत दोऱ्यापेक्षा हा कितीतरी सोयीचा आहे. मात्र सगळ्या फटींना एकच माप चालत नाही. मला तीन मापे लागतात, आणि ती विभागातच फटीत घालून पाहून ठरवून दिली, हे उत्तम केले. पहिले दहा दिवस रक्त आले, म्हणून पत्नीने तो ब्रश टाकून द्यायला सांगितले होते. अकराव्या दिवसापासून रक्त थांबले, आणि आता तिचाही एक ब्रश बेसिनपाशी आहे.

जाण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात. हृदयात कृत्रिम झडप असेल तर अशा उपचाराआधी प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, विचारूनच काय ते करावे.

पाचपैकी मी या सेवेला चार गुण देतो. पाचवा गुण तक्ता मराठीत आणि न मागता मिळेल त्या दिवशी. उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेमागची ६ मिलिमीटरची जागा अजून शिल्लक आहे आणि तेथे सळई लावली की अजून रक्त येते. हिरडी उघडून आतून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया प्राध्यापिकाबाईंनी सुचवली आहे. मी आणखी एक फेरी मागून घेतली. पुढची मोजणी सप्टेंबरमध्ये आहे; त्या जागेचा आकडा तेव्हा उतरलेला नसेल, तर त्याच दिवशी शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची, असे आमच्यात ठरले आहे.